जाळीदार दर्शनी भिंत आणि वाऱ्याचा भार

पेढीच्या वा वखारीच्या दर्शनी भागास सिमेंटची जाळी अथवा छिद्रे पाडलेला पत्रा बसविण्याची रीत आता सर्वत्र दिसते. उजेड मिळतो, माल कोंदत नाही. ह्याविषयी वाद नाही. परंतु जाळीतून वारा निघून जातो, सबब इमारतीवर भार येत नाही, असा जो समज व्यापारी बंधूंत आढळतो, तो आम्हांस तपासून पाहण्याजोगा वाटतो.

प्रथम खुद्द जाळीचा हिशेब. निम्मी जागा मोकळी म्हणजे भार निम्मा, असे कोणासही वाटेल. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकातील सुट्या भिंतीचे सूत्र लावले, तर निम्मी जागा मोकळी असता भार केवळ एक चतुर्थांशाने घटतो. एक पंचमांश मोकळी असता शेकडा चारच! छिद्रांतून आकसून जाताना वारा कडांशी अडतो आणि आपला जोर तेथेच खर्च करतो.

खरा प्रश्न पुढेच आहे. आत शिरलेला वारा जातो कोठे? जयपूरचा १७९९ सालचा हवामहाल सर्वांना ठाऊक आहे. त्याचे वरचे तीन मजले एकाच दालनाच्या रुंदीचे आहेत. समोरून आलेल्या वाऱ्यास मागे वाट सापडते. आपल्या वखारीची मागची भिंत बहुधा बंद असते. मग आतील हवा दाबली जाऊन छपरास खालून उचलू लागते, आणि वरून वाहणारा वारा त्याच वेळी त्यास ओढीत असतो.

भारतीय मानक ८७५, भाग ३ प्रमाणे हैदराबाद व वडोदरा येथे वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ४४ मीटर धरतात, पणजीस ३९. पैकी ४४ च्या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. भिंतींतील मोकळीक शेकडा ५ च्या आत असेल तर ह्याच्या ०.२ पट दाब आत धरावा लागतो. २० च्या वर गेली की ०.७ पट. म्हणजे जाळीपायी छपरावरील उचल दर चौरस मीटरला सुमारे ५९ किलोंनी वाढली. पन्हाळी पत्र्याचे स्वतःचे वजन जेमतेम पाच किलो! उरलेला सारा भार पत्रा धरणाऱ्या आकड्यांवर.

म्हणून जाळी बसविण्यापूर्वी अभियंत्याकडून छपराच्या आकड्या, विशेषतः कडांच्या व कोपऱ्यांच्या, तपासून घ्याव्यात आणि समोरच्या भिंतीत वाऱ्यास वाट ठेवावी. जाळीचे बांधणे मात्र भरीव भिंतीच्या हिशेबानेच करावे. कारण पावसाळ्यात आपण तिच्यावर ताडपत्री ताणतो, आणि वादळ त्या दिवसांतही येऊ शकते.