दुधाचा प्रयोग आणि वजनाचा काटा



नव्या बेण्याची कोणी तारीफ केली की आपण लगेच विचारतो, "शेजारी जुनं बेणं लावलं होतं का? त्याचा एकरी किती टन पडला?" मुलांच्या पोषण आहाराबाबत मात्र हा प्रश्न आपण विचारीत नाही. आहार वाटला, रजिस्टर भरले, झाली योजना यशस्वी! योजनेचा खरा गुण ठरविण्यासाठी विद्यापीठे खास संशोधक नेमतात. ते काम किती नाजूक आहे, हे शिकविणारा एक जुना धडा आहे.

स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर भागात १९३० साली फेब्रुवारी ते जून असा दुधाचा प्रयोग झाला. शाळा ६७, मुले सुमारे २० हजार. पैकी १० हजार मुलांना रोज शाळेत पाऊण पिंट, म्हणजे सुमारे ४२५ मिलिलीटर दूध दिले. उरलेल्या १० हजारांना दूध नाही, ती तुलनेसाठी. सर्वांची उंची व वजन आधी आणि शेवटी घेतले. दूध पिणारी मुले जास्त वाढली, असा निष्कर्ष निघाला.

विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातील गृहस्थ. बार्लीच्या वाणांच्या चाचण्यांत मुरलेले. 'स्टुडंट' म्हणजे 'विद्यार्थी' या टोपणनावाने ते लिहीत. १९३१ साली त्यांनी या प्रयोगातले दोष दाखविले. त्यांतले दोन आपल्याला चटकन समजतील.

(१) निवड बिघडली. मुले आधी चिठ्ठ्या टाकून किंवा आडनावाच्या क्रमाने निवडली होती. पण एखादा गट फार सशक्त किंवा फार अशक्त वाटला तर अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. समोर हडकुळं पोर दिसल्यावर कोणाला दया येणार नाही? गॉसेट यांच्या मते, नकळत दूध गरीब मुलांकडे वळले. परिणामी दूध न मिळणारी मुले सुरुवातीलाच उंचीने व वजनाने सरस होती. एक बेणे मुरमाड रानात आणि दुसरे काळ्या कसदार रानात लावून तुलना केल्यासारखेच हे झाले.

(२) वजन कपड्यांसकट झाले. फेब्रुवारीत थंडीचे जाड कपडे, जूनमध्ये हलके. सुखवस्तू मुलाचे कपडे उतरले तसे वजनही घटले. गरीब मुलाच्या अंगावर दोन्ही वेळा जवळपास तेच कपडे. पहिल्या खेपेला पाचटासकट आणि दुसऱ्या खेपेला साफ ऊस काट्यावर घातला, तर फरक उसाचा म्हणायचा की पाचटाचा?

दूध वाईट होते असे गॉसेट यांचे म्हणणे नव्हते. एवढा खर्च करूनही दुधाचा नेमका गुण कळला नाही, ही त्यांची तक्रार. दिसायला अगदी सारख्या जुळ्या भावंडांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या तर थोडक्या खर्चात अधिक खात्रीचे उत्तर मिळाले असते, असे त्यांनी सुचविले.

मग तुलनेसाठी काहींना उपाशी ठेवायचे काय? नाही. मेक्सिकोत १९९७ साली गरीब कुटुंबांना रोख मदत व लहान मुलांना पूरक आहार देणारी योजना निघाली. सर्व गावांना एकदम देणे शक्य नव्हते. मूल्यमापनासाठी ५०६ गावे घेतली. सोडत काढून ३२० गावांना आधी व १८६ गावांना मागाहून लाभ दिला. दया राहिली, मापही राहिले.

आता आपल्याकडे या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडीतला वजनकाटा म्हणजे या योजनेचा वजनकाटाच. उसाच्या काट्यात किलोभर फरक पडला तर आपण हुज्जत घालतो. मुलांच्या काट्याकडे कोण बघतं?

त्यातही एक गोष्ट आपल्या दारची. ऊसतोड मजुराच्या मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीत असते आणि वजनाच्या दिवशी मूल आपल्या फडात असते. अशक्त मूलच मापाबाहेर राहिले की सरासरी आपोआप चांगली दिसते. म्हणून सभासदांनी एवढे करावे :

● आपल्या फडात टोळी आली की लहान मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत घालावीत.
● वजन हलक्या कपड्यांत, काटा शून्यावर आणून करण्याचा आग्रह धरावा.
● हंगाम संपताना वजनाची नोंद आईच्या हाती द्यावी, म्हणजे गावी पुढची नोंद होईल.

उसाचे माप चुकले तर पैसे बुडतात. पोराचे चुकले तर त्याची भूक कोणालाच दिसत नाही.