लायब्ररी आहे, पण सापडत नाही

प्रश्न : जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून मजकूर काढण्यासाठी उबुंटूवर टेसरॅक्ट सोर्सवरून बसवलं. चालवलं की ‘लिबटेसरॅक्ट.एसओ.5 उघडता येत नाही’ असं येतं. फाइल तर /यूएसआर/लोकल/लिबमध्ये दिसते! (एक वाचक, मुलुंड पूर्व)

उत्तर : पुन्हा इन्स्टॉल करू नका, तुमचं काही बिघडलेलं नाही. प्रोग्राम सुरू होताना लोडर प्रत्येक फोल्डर धुंडाळत बसत नाही, तो /ईटीसी/एलडी.एसओ.कॅश ही तयार यादी बघतो. तुमची नवी लायब्ररी त्या यादीत चढलेलीच नाही. ‘सुडो एलडीकॉन्फिग’ एकदा चालवा. यादी नव्याने बनेल, शिवाय ‘.एसओ.5’ नावाची लिंक मूळ फाइलकडे नीट वळेल. मग ‘एलडीकॉन्फिग -पी’च्या यादीत टेसरॅक्ट शोधा. उबुंटूत /यूएसआर/लोकल/लिब हे फोल्डर आधीच नोंदलेलं असतं; फेडोरात मात्र /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डीमध्ये त्याचा पत्ता लिहिलेली ‘.कॉन्फ’ फाइल ठेवावी लागते.

एक कळकळीची विनंती. ‘.एसओ.4’ला ‘.एसओ.5’ नावाची लिंक हाताने जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो आकडा बदलतो तेव्हा आतली रचनाही बदललेली असते. प्रोग्राम सुरू झाला तरी ऐन कामात कोसळू शकतो. लायब्ररीचा पत्ता तात्पुरता सांगणारा एलडी_लायब्ररी_पाथही चाचणीपुरताच वापरा. आणि मराठीसाठी ‘एमएआर’ हा भाषा-डेटा वेगळा घ्यावा लागतो.