चहाचे पान आणि चहाचा कप

भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मांडला गेला. याच देशात बहुसंख्य घरांचा दिवस चहाच्या आधणाने सुरू होतो. चहाने मधुमेह आटोक्यात येतो, वजन उतरते, असेही सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य किती?

चहाच्या कोवळ्या पानात ‘कॅटेचिन’ नावाची संयुगे विपुल असतात. पान खुडल्यावर लवकरच वाफेवर किंवा कढईत तापवले, तर ती बऱ्याच अंशी टिकतात. हा झाला हिरवा चहा. पान चुरडून हवेत राहू दिले, तर ऑक्सिजनशी संयोग होऊन कॅटेचिनांची थिआफ्लेविनसारखी नवी संयुगे बनतात. आपल्या डब्यातील काळसर चहापूड अशीच तयार होते. (गवती चहा हे निव्वळ गवत आहे, त्याचे या झुडपाशी काही नाते नाही.)

पिष्टमय पदार्थांची साखर करणारी पाचक विकरे या संयुगांमुळे मंदावतात, असे प्रयोगशाळेत दिसते. मात्र परीक्षानळीत घडते तेवढे शरीरात घडत नाही, आणि कॅटेचिनांचा अल्प भागच आतड्यांतून रक्तात पोहोचतो. माणसांवरील चाचण्यांत हिरव्या चहाने घातक कोलेस्टेरॉल किंचित घटले, वजनातील घट नगण्य ठरली आणि रक्तशर्करेबाबतचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. शिवाय चहातील कॅफिन काही काळ इन्शुलिनचा प्रभाव कमीच करते.

आता कपाकडे वळू. कपात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसाकाठी चार कप झाले, की ४० ग्रॅम. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशा साखरेची मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला सुमारे ५० ग्रॅम, आणि शक्य तर २५ ग्रॅम सुचवली. पानाचा किंचित गुण या साखरेपुढे कोठल्या कोठे वाहून जातो. गुळाच्या चहानेही सुटका नाही. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो.

साखर एकदम सोडणे जड जाते. दर आठवड्याला पाव चमचा कमी केला, तर जीभ सरावते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याची रक्तशर्करा अचानक उतरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर मात्र साखरच हवी. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. चहा उकळण्याची वाट पाहू नये.