चढत नाही म्हणजे बाधत नाही असं नव्हे

मालगुंडच्या आई-बाबांनो, आज गांजाबद्दल बोलायचं आहे. विषय निघाला की ‘आमच्याकडे नाही हो असलं काही’ म्हणून माणसं उठायला बघतात. पण थोडं बसा. ऑगस्ट 2023मध्ये आपल्याच जिल्ह्यात, दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती. कर्द्याच्या पुळणीपासून सुरुवात झाली आणि कस्टम्सने दोनशे किलोंहून जास्त माल गोळा केला. ती पाकिटं आपल्या मुलांसाठी निघालेली नव्हती, आणि मला काळजी त्यांची वाटतही नाही. काळजी वाटते ती बारावीनंतर पुण्या-मुंबईला खोली करून राहणाऱ्या मुलाच्या एका वाक्याची: ‘अगं आई, मला काही चढत नाही त्याने.’

हे ऐकून आईला हायसं वाटतं. दारू ‘पचवणाऱ्या’चं कौतुक करायची आपल्याकडे जुनी खोड आहे, तेच माप आपण इथेही लावतो. पोरगा धडधाकट दिसतो, नीट बोलतो, डोळे लाल नाहीत, म्हणजे फारसं काही नसणार. खरं तर सराव नसलेल्याला थोड्यानेही चढू शकतं. ज्याला नेहमी ओढूनही चढत नाही, त्याचं शरीर बहुधा त्या पदार्थाला सरावलेलं असतं, आणि शरीर एका दिवसात सरावत नाही.

गांजातली नशा टीएचसी नावाच्या द्रव्याची. 1964 साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते वेगळं करून दाखवलं. मेंदूत त्याला चिकटायला जागा तयारच असतात, कारण भूक, झोप, वेदना, मनाचा तोल सांभाळायला शरीर स्वतःच तशाच जातीची द्रव्यं तयार करतं. बाहेरून रोज टीएचसीचा मारा सुरू झाला की मेंदू त्या जागा कमी करत जातो. पावसाची झड ओटीवर यायला लागली की आपण झापं बांधतो ना, तसं. पाऊस अडतो, पण उजेडही अडतो. मग आधीच्या एवढ्याच गांजाने काही होत नाही, दोनाच्या जागी चार लागतात. आणि गांजा नसेल त्या दिवशी शरीराचं स्वतःचं द्रव्यही पुरेसं काम करत नाही.

2012 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं काढली. मेंदूच्या बाहेरच्या थरात या जागा सुमारे 20 टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. चारेक आठवडे गांजा पूर्ण बंद ठेवल्यावर बहुतेक भागांत त्या पूर्ववत झाल्या. आई-बाबांना धीर देणारं यापेक्षा चांगलं काही माझ्याकडे नाही. झालेला बदल बऱ्याच अंशी परत फिरतो.

पण परतीची वाट कशी दिसते, ते ओळखता यायला हवं. गणपतीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा चतुर्थीच्या आदल्या रात्री गाडीने येतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यामुळे ओढायला वावच नाही. ऋषिपंचमीपासून तो चिडचिडा होतो. पानात वाढलेला उकडीचा मोदक तसाच ठेवतो. रात्री वाडीत जाखडी रंगलेली असते. एरवी पहिल्या फेरीत नाचणारा हा पोर पडवीत मोबाइल घेऊन पडलेला. पहाटेपर्यंत जागा, डोळा लागलाच तर विचित्र स्वप्नं, कपाळावर घाम. बाबा म्हणतात, ‘शहरात जाऊन माज आलाय.’ आजी दृष्ट काढते. आणि घरातल्या कुणालाच कळत नाही की पोराचं शरीर गांजाविना चालायला शिकतंय. हा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याला बोल लावतो.

विसर्जन झालं की तो परत जातो, आणि पहिल्याच रात्री जुन्या सवयीने जुन्याच मापाने ओढतो. मधल्या दिवसांत शरीराचा सराव उतरलेला असतो. छातीत धडधड, उलट्या, जीव जाईल अशी भीती, हे सगळं तेव्हा होऊ शकतं. भांग किंवा गांजा घातलेलं काही पोटातून घेतलं असेल तर असर व्हायला अर्धा तास ते दोन तास लागतात. तोवर ‘काहीच होत नाही’ म्हणून आणखी खाल्लं जातं. शिमग्यात हे विशेष लक्षात ठेवावं.

काही मुलं मुद्दाम ‘ब्रेक’ घेतात, म्हणजे पुन्हा थोडक्यात काम भागावं आणि पैसे वाचावेत. म्हणून ‘मी महिनाभर बंद ठेवलंय’ असं मुलगा म्हणाला तर लगेच पेढे वाटू नका, आणि खोटं म्हणून झिडकारूही नका. का बंद केलंस, ते विचारा. मला विचाराल तर हा महिना दवडण्यासारखा नसतो. झोप परत येते, भूक लागते, खिशात चार पैसे उरतात, आणि ते त्याचं त्यालाच दिसतं. तिथे आई-बाबा सोबत असले तर ब्रेकचा कायमचा निरोप होऊ शकतो.

सराव नशेचा होतो, नुकसानीचा होईलच असं नाही. माप वाढलं की फुप्फुसात धूर जास्त जातो. अभ्यासातलं लक्ष उडतं. घराण्यात कुणाला मानसिक आजार असेल तर रोजच्या कडक मालाने संशय, भास यांचा धोका वाढतो. आणि माल कडकच होत चाललाय. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात 1995 साली सरासरी 4 टक्के टीएचसी होतं, 2014 साली ते 12 टक्क्यांवर गेलं. ‘पूर्वी साधू ओढायचेच की’ हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही. शिवाय मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते.

मग विचारायचं काय? ‘ओढतोस का?’ असं दरडावून विचारलंत तर ‘नाही’ हेच उत्तर मिळेल. जेवणं झाल्यावर, बाकीचे झोपल्यावर, शांतपणे विचारा: पूर्वी जेवढ्यावर भागायचं, तेवढ्यावर आता भागतं का? सकाळी उठल्याउठल्या लागतं का? त्याच्याशिवाय झोप येते का? ही तीन उत्तरं डॉक्टरांच्याही उपयोगाची असतात.

औषधाच्या दुकानातून लघवीच्या तपासणीचं किट आणून मुलाला पकडायला जाऊ नका. टीएचसीचे अंश चरबीत साठतात आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत बंद केल्यावरही कित्येक आठवडे सापडतात. खरोखर सोडलेल्या मुलाला तुम्ही खोटारडा ठरवाल आणि तो पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही.

पोलिसांच्या भीतीने गप्प बसणाऱ्यांसाठी एवढंच: 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा जवळ बाळगणं आणि ओढणं गुन्हा आहे. पण त्याच कायद्याचं कलम 64-अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात.

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय मालगुंडहून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथे जाताना कुणी पाहील म्हणून पाय अडखळत असेल, तर आधी फोन करा. व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी 14416. दोन्ही क्रमांक मोफत आहेत. मुलगा तयार नसला तरी तुम्ही स्वतः फोन करू शकता. तेवढा एक फोन आज करा.