गर्द सुटल्यावर पुरुष संप्रेरकांचे काय होते?

प्रश्न : गर्द सोडून सहा आठवडे झाले. थकवा जात नाही, कामेच्छा नाही. हे कायमचे आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गर्द, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल हे सारे अफूवर्गीय पदार्थ मेंदूतील हायपोथॅलॅमसला दाबून टाकतात. तिथून सुटणारे जीएनआरएच हे संप्रेरक कमी झाले, की पीयूष ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके कमी पाझरतात आणि वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा निरोपच नीट पोहोचत नाही. वृषणे बहुधा शाबूत असतात, बिघाड वरच्या आदेशात असतो. म्हणूनच नशा सुटल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पातळी बहुतेकदा सावरते. सहा आठवडे ही सुरुवात आहे.

टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याची लक्षणे हळूहळू येतात. पहाटेची ताठरता जाते, दाढी उशिरा वाढते, हाडे विरळ होतात. ठाणे, कल्याणहून रोज लोकलला लोंबकळत जाणाऱ्याचा थकवा मात्र प्रवासाच्या नावावर खपतो.

टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीसाठी रक्त सकाळी दहापूर्वी, उपाशीपोटी द्यावे. पातळी कमी आली तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा तपासावी, सोबत एलएच आणि प्रोलॅक्टिनही पाहावे. व्यायामशाळेत मिळणारे टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन परस्पर घेणे घातक आहे, कारण त्याने शुक्राणूनिर्मिती थांबू शकते. मूल हवे असलेल्यांनी हे आधी डॉक्टरांना सांगावे. व्यसनमुक्तीसाठी दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी ब्युप्रेनॉर्फिनचा संप्रेरकांवरील परिणाम मेथाडोनपेक्षा सौम्य असतो. यांपैकी कोणतेही औषध चालू असल्यास ते मनाने बंद करू नये. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.