नव्या संगणकाची दुखणी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या भागांवर लेख लिहावा, हा आगाऊपणा वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत छावणीतल्या आमच्या घरी मी सुटे भाग आणून संगणक जोडला आणि तो चालला नाही. त्या चार दिवसांत जे शिकलो, ते इतरांच्या कामी यावे एवढाच हेतू.

बाबा छावणीच्या गुरुवारच्या बाजारात भांडी विकतात. त्यांनी साठवलेल्या पैशांतून हे भाग घेतले होते. कळ दाबली, पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. "मदरबोर्डच खराब दिला," असे सांगून मी मोकळा झालो. बाबा गुरुवारचा धंदा टाकून दुकानदाराकडे गेले. चार शब्द बोलले आणि चार ऐकूनही आले.

वास्तविक पंखे फिरतात याचा अर्थ एवढाच, की पॉवर सप्लायमधून वीज येते आहे. संगणक सुरू होताच आधी स्वतःची तपासणी करतो: प्रोसेसर, मग रॅम, मग चित्र उमटवणारा भाग. एखाद्याने उत्तर दिले नाही, की तो तिथेच थांबतो. आणि पडदाच सुरू नसल्याने सांगणार तरी कुठे? म्हणून पुष्कळ मदरबोर्डांवर बारीक दिवे दिलेले असतात. जिथे अडले, तिथला दिवा लागून राहतो. ते दिवे मी पाहिलेच नव्हते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने टिफ्रॅक हा संगणक बांधला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. पण मोठ्या यंत्राला हात घालण्यापूर्वी त्यांनी एक लहान यंत्र बांधून १९५६ मध्ये चालवून पाहिले. मोठे यंत्र रीतसर सुरू झाले ते १९६० मध्ये. मी मात्र सगळे एकदम जोडून कळ दाबली होती!

मग उलटे केले. प्लग काढला, हात धातूला लावून अंगातली स्थिर वीज घालवली, आणि मदरबोर्ड पेटीबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. प्रोसेसर, त्यावरचा कूलर आणि रॅमची एकच पट्टी. बाकी काही नाही. प्रोसेसरचा दिवा लागून राहिला. पाहतो तो त्याची स्वतंत्र आठ टोकांची वायर अर्धवट बसलेली. ती दाबली, तर आता रॅमचा दिवा! दोन दोष एकाच वेळी असले की माणूस फसतो; पहिला दूर केला तरी फरक पडलेला दिसत नाही, आणि बरोबर केलेलेही चूक वाटू लागते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा व तो कागदावर लिहून ठेवावा. पट्टी काढून, 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवली. पडदा उजळला.

परंतु पंधरा मिनिटांत संगणक आपोआप बंद पडला. पुन्हा सुरू करून तापमान पाहिले, तर आकडा नव्वदच्या पुढे चढत होता. कूलर उपसला. त्याच्या तळाची पारदर्शक संरक्षक पट्टी मी सोललीच नव्हती; धातूला धातू टेकत नव्हता, मग उष्णता जाणार कशी? जुना लेप पुसून नवा लावला, आणि काम झाले.

एक गोष्ट जाता जाता. पेटीला हात लावला की मुंग्या येत. शेजारचे चाचा वायरिंगची कामे करतात. ते म्हणाले, "बेटा, अर्थिंग बघितलं का?" आमच्या जुन्या घरातल्या त्या प्लगला अर्थिंगच नव्हते. पॉवर सप्लायमधून थोडी वीज पेटीकडे झिरपते. अर्थिंग नसेल तर पेटीवर २३० व्होल्टच्या जवळजवळ निम्मा दाब येऊन राहतो. प्रवाह अगदी थोडा, तरी दुर्लक्ष करू नये. आणि पॉवर सप्लाय स्वतः कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आत वीज साठून असते.

पुढच्या शुक्रवारी बाबांना घेऊन दुकानात गेलो. ती सोललेली पट्टी काउंटरवर ठेवली आणि चूक माझी होती असे सांगितले. दुकानदाराने पट्टी उचलून पाहिली, मुलाला तीन चहा सांगितले, आणि बाबांना म्हणाले, "साहेब, महिन्याला असे दोन तरी येतात."