जीर्ण पौरुषग्रंथिशोथ आणि कल्चरमध्ये न दिसणारे जंतू

मूत्रप्रवृत्तीच्या वेळी दाह, सीवनीच्या ठिकाणी जडपणा व ठणका, वीर्यस्खलनानंतर वेदना आणि हातात 'जंतू आढळले नाहीत' असा अहवाल, असा रुग्ण आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. अहवाल पाहून आपण व्याधी केवळ वातज ठरवितो व मोकळे होतो. येथे थोडे थांबावयास हवे, असे आम्हांस वाटते.

लघवीचे नेहमीचे कल्चर ई. कोलायसारख्या सहज वाढणाऱ्या जंतूंसाठी असते. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस पेशींच्या आत राहूनच वाढतो. मायकोप्लाझ्मा व युरियाप्लाझ्मा यांना पेशीभित्तिकाच नसते. नेहमीच्या कल्चरमध्ये हे जंतू दिसत नाहीत. त्यांसाठी पीसीआरसारखी तपासणी लागते. भित्तिकेवरच आघात करणारी पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरिन गटांतील औषधे भित्तिकाहीन जंतूंवर निष्प्रभ ठरतात.

मात्र जंतू सापडला म्हणजे कारण सापडले, असे नव्हे. युरियाप्लाझ्मा निरोगी पुरुषांच्या मूत्रमार्गातही आढळतो आणि ग्रंथीचा स्राव त्याच मार्गाने बाहेर येतो. मग जंतू ग्रंथीतला की मार्गातला? हा भेद करण्यासाठीच मीअर्स व स्टेमी यांनी १९६८ मध्ये चार नमुन्यांची पद्धत मांडली. (ज्वरयुक्त तीव्र शोथात ग्रंथिमर्दन कदापि करू नये.) २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत दीर्घकाळ पीडित रुग्णांना सिप्रोफ्लॉक्सॅसिनने लक्षणीय लाभ झाला नाही. तेव्हा प्रत्येक जुनाट वेदनेमागे जंतूच असतो, असेही मानता येत नाही.

सुश्रुताने उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले. त्यांतील वाताष्ठीला म्हणजेच हा शोथ, असे सरसकट समीकरण आम्हांस मान्य नाही. तेथे अवरोध प्रधान आहे. दाह व शूल यांचा विचार मूत्रकृच्छ्राच्या अंगाने करणे अधिक सयुक्तिक. गोक्षुरादि गुग्गुळ, चंद्रप्रभा यांची योजना अवश्य करावी. पण क्लॅमिडिया सिद्ध झाला असता त्यांवर विसंबून कालहरण करू नये. कारण तोच संसर्ग पत्नीकडे जातो, बहुधा लक्षणांवाचून राहतो आणि बीजवाहिन्या बंद करून वंध्यत्व आणू शकतो. उपचार दोघांचेही व्हावयास हवेत.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. चिठ्ठीवाचून ॲझिथ्रोमायसिनच्या एक-दोन गोळ्या देण्याची रीत सोडावी. मायकोप्लाझ्मा जेनिटेलियम अशा अपुऱ्या मात्रेनेच या औषधास दाद देईनासा होतो, आणि तो रुग्ण पुढे आपल्याच दारी परत येतो.